वाचा, पण लिहू नका

४ जून २०२४ रोजी अहमदनगर लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. नीलेश लंके २८,९२९ मतांनी निवडून आले. त्यानंतर आठवड्याच्या आत पराभूत उमेदवार डॉ. सुजय विखे पाटील यांनी ४० मतदान केंद्रांवरच्या यंत्रांची पडताळणी मागणारा अर्ज दिला. लोकसभेसाठी देशभरातून असे आठच अर्ज आले होते आणि त्या आठांत मिळून ९२ केंद्रं होती. म्हणजे जवळजवळ निम्मी केंद्रं एकट्या नगरची. शेवगाव, राहुरी, पारनेर, नगर शहर, श्रीगोंदा, कर्जत-जामखेड अशा सहाही विधानसभा क्षेत्रांतली. तेव्हा शुल्क होतं एका यंत्रसंचाला ४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी.

पुढे त्याच वर्षी विधानसभेचा निकाल लागला तेव्हा जिल्ह्यातल्या इतर पराभूत उमेदवारांनीही हीच मागणी केली. त्यामुळे हा एका पक्षाचा किंवा एका घराण्याचा प्रश्न उरला नाही. शंका खरी की खोटी, यावर मला इथे काही म्हणायचं नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा तांत्रिक प्रश्न: यंत्राच्या पोटातली मेमरी तपासायची, तर ती तपासण्यानेच बदलणार नाही याची काळजी कोण आणि कशी घेणार?

संगणकावरची माहिती सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं. एक पारनेर तालुक्यातले निवृत्त शिक्षक, कित्येक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसलेले. दुसरा त्यांचा भाचा, नगरच्या सावेडीत राहणारा, सर्व्हरवरच्या साठवणुकीची देखभाल करणारा.

मामा : पडताळणी, पडताळणी म्हणतात, पण करणार काय? यंत्र खोलणार? अरे, एका केंद्रावर काय काय होतं ते बघायला ये एकदा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचं, किमान ५० मतांचं. प्रत्येक उमेदवाराला मत टाकायचं, नोटालाही टाकायचं. निकाल काढायचा, दिलेलं मत कागदावर छापणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या, ताळा जमला की मतं साठवणारं कंट्रोल युनिट क्लिअर करायचं. चिठ्ठ्या पेटीतून काढून, मागे शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या. मग ग्रीन पेपर सील, प्रतिनिधींच्या सह्या. संध्याकाळी क्लोजचं बटन दाबलं की ते यंत्र पुढे एकही मत घेत नाही. एकूण किती मतं पडली तो आकडा १७-सी नमुन्यावर लिहून प्रतिनिधींच्या हातात द्यायचा. एवढं झाल्यावर त्या पेटीला कोणी हातच लावू नये, असं माझं मत.

भाचा : हात लावू नये हे माझंही मत आहे, मामा. पण हात लावायचा नाही म्हणून बघायचंही नाही, असं कसं? आमच्याकडे शंभर-शंभर डिस्क एकत्र बांधून एक साठवण करतात, तिला क्लस्टर म्हणतात. ‘सेफ’ नावाची एक मुक्त प्रणाली आहे, तीत प्रत्येक माहितीच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या असतात. वरून बघितलं तर पाटीवर ‘सगळं ठीक’ असंच दिसतं. एखादी डिस्क आतून खचत चालली असली तरी बाकीच्या सांभाळून घेतात, म्हणून एकूण तब्येत चांगलीच दिसते. त्या पाटीवर विसंबलो तर एक दिवस दोन-तीन डिस्क एकदम जातात. त्यामुळे एकेक डिस्क वेगळी बघावी लागते.

मामा : आणि ती कशी बघतोस?

भाचा : डिस्कमध्ये स्वतःची नोंदवही असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला स्मार्टसीटीएल नावाचं छोटं अवजार आहे. एक आज्ञा दिली की तक्ता येतो. नवव्या क्रमांकाच्या ओळीत डिस्क किती तास चालली ते असतं. पाचव्या ओळीत किती खराब जागा बाजूला टाकून दुसऱ्या वापरायला घेतल्या ते. १९७व्या ओळीत किती जागा वाचताना अडखळतंय आणि अजून निर्णय झालेला नाही ते. मागे एका डिस्कवर १९७ची ओळ शून्याची आठ झाली. क्लस्टरची पाटी हिरवीच होती. मी ती डिस्क बदलायला काढली.

मामा : म्हणजे त्या तक्त्याने डिस्कवर काही लिहिलं नाही?

भाचा : तुमच्या माझ्या माहितीवर काहीच नाही. त्यालाच रीड-ओन्ली म्हणतात. त्याच अवजाराला वेगळी आज्ञा दिली तर ते डिस्कला चाचणी घ्यायला लावतं, ते काम निराळं. कोणती आज्ञा नुसती वाचते आणि कोणती काही करायला लावते, हे माहीत नसलेल्या माणसाला आम्ही चालू क्लस्टरजवळ फिरकू देत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘फक्त वाचतोय’ या शब्दांवर लोक फार लवकर विश्वास ठेवतात. लिनक्सवर ईएक्सटी४ पद्धतीने लिहिलेली डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून जोडली, तरी मागच्या वेळी अर्धवट राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी प्रणाली तिच्यावर लिहू शकते. ते होऊ द्यायचं नसेल तर तसं वेगळं बजावावं लागतं. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या प्रयोगशाळा तर प्रणालीच्या शब्दावरही विसंबत नाहीत. त्या डिस्क आणि संगणक यांच्या मधे राइट ब्लॉकर नावाचं उपकरण बसवतात. वाचण्याची आज्ञा पलीकडे जाते, लिहिण्याची तिथेच अडते. मग डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, मूळ आणि प्रत दोन्हींचा हॅश काढायचा आणि मूळ सील करून ठेवून द्यायची. हॅश म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. एक अक्षर बदललं तरी ती पार वेगळी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यातही हॅशसाठी जागा आहे. मोबाइलमधला एक व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तरी कायदा एवढी खबरदारी घ्यायला सांगतो.

मामा : थांब. ती नोंदवही डिस्क स्वतःच लिहिते ना? स्वतःबद्दल स्वतःच?

भाचा : हो.

मामा : मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा?

भाचा : पूर्ण ठेवतच नाही. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी सगळ्यात भरवशाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. आणि ज्या डिस्कवर तपासणीत पहिली चूक सापडली, ती पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे आकडा दिसला तर तो खूप काही सांगतो. शून्य दिसलं तर फारसं काही सांगत नाही.

मामा : मग तुझं अवजार अर्धंच कामाचं.

भाचा : अर्धंच. म्हणून दुसरं कामही चालू असतं. सेफ साधारण आठवड्याला एकदा तिन्ही प्रती पूर्ण वाचून एकमेकींशी ताडून बघते. एक डिस्क काय म्हणते ते ऐकायचं आणि दुसऱ्या डिस्कवर तेच आहे का तेही बघायचं.

मामा : आता माझ्या वाटेवर आलास. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी म्हणजे तुझी दुसरी प्रत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडायची आणि तिथल्या चिठ्ठ्या मोजायच्या. २०२४च्या विधानसभेत आपल्या राज्यात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० केंद्रं. एकाही ठिकाणी फरक आढळला नाही, असं निवडणूक आयोगाने सांगितलं. आणखी काय पाहिजे?

भाचा : हे मला मान्य आहे, आणि ते छोटं नाही. पण ती पाच केंद्रं नशिबाने येतात. ज्या केंद्राबद्दल उमेदवाराला शंका आहे ते त्यात येईलच असं नाही. आणि चिठ्ठी मतांबद्दल सांगते. चिपमध्ये कारखान्यात भरलेला प्रोग्राम तोच आहे का, हे चिठ्ठीवरून अंदाजाने कळतं, बघून कळत नाही. म्हणून तर २६ एप्रिल २०२४च्या निकालात न्यायालयाने वेगळी वाट काढून दिली.

तो निकाल न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपंकर दत्ता यांचा. कागदी मतपत्रिकांकडे परत जाण्याची मागणी त्यांनी फेटाळली, सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याचीही फेटाळली. पण दोन गोष्टी नव्या सांगितल्या. व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरणारी उपकरणं सील करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायची. आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केली, तर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची ‘बर्न्ट मेमरी’, म्हणजे कारखान्यात चिपमध्ये भरलेला प्रोग्राम, आणि मायक्रोकंट्रोलर उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांनी तपासायचे. कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट, व्हीव्हीपॅट, तिन्हींचे. कोणती केंद्रं ते उमेदवाराने सांगायचं. खर्च उमेदवाराचा, फेरफार सापडला तर पैसे परत. नगरचा अर्ज याच तरतुदीखालचा.

एकेक यंत्र वेगळं बघण्याचा हा हक्क माझ्या मते त्या निकालाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. निकालाच्या दिवशी त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण बातमी ‘मतपत्रिका नाही’ एवढीच झाली.

मामा : मग तपासा की! अडलं कुठे?

भाचा : तपासायचं म्हणजे काय, यावर अडलं. आयोगाने जुलै २०२४ मध्ये जी पद्धत ठरवली तिच्यात मॉक पोल होता. एका यंत्रावर १,४०० पर्यंत मतं टाकायची, यंत्राचा निकाल काढायचा, चिठ्ठ्यांशी ताडायचा. जमला की यंत्र ठीक.

मामा : पद्धत चांगली आहे. सगळ्यांना दिसते.

भाचा : मामा, मॉक पोल सुरू करायच्या आधी तुम्ही कोणतं बटन दाबता?

मामा : ...क्लिअर.

भाचा : आणि क्लिअर दाबलं की?

मामा : मागचं सगळं जातं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर, त्याच क्रमाने. प्रशिक्षणात घोकून घेतात. मॉक पोलची मतं क्लिअर करायची राहिली तर त्या केंद्राची मोजणीच अडकते.

भाचा : म्हणजे ज्या मतांबद्दल शंका आहे ती मतं पुसूनच तपासणीला सुरुवात. डिस्कच्या बाबतीत हे कोणी केलं तर आम्ही त्याला तपासणी म्हणणार नाही. डिस्क पुसून नवीन माहिती भरायची आणि ती नीट वाचता आली म्हणून आधीचीही नीटच होती असं लिहून द्यायचं, हे आमच्या धंद्यात चालत नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला त्यांचं हे गप्प राहणं आवडलं, कारण ते बटन त्यांनी स्वतः अनेकदा दाबलेलं आहे.

हाच मुद्दा ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेने न्यायालयात नेला. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की पडताळणी करताना यंत्रातली माहिती पुसू नका आणि नव्याने भरूही नका. तोवर न्यायमूर्ती खन्ना सरन्यायाधीश झालेले होते. चाळीस हजारांचं शुल्क जास्त आहे, असंही न्यायालयाने बोलून दाखवलं. मे २०२५ मध्ये आयोगाची सुधारित कार्यपद्धती न्यायालयाने मान्य केली: अभियंत्यांनी मेमरी आणि मायक्रोकंट्रोलर शाबूत असल्याचं प्रमाणित करायचं आणि उमेदवाराने मागितलं तर मॉक पोलही घ्यायचा. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर आधी वाचन, चाचणी नंतर.

मामा : पुसायचं नाही हे मला पटलं. पण आता माझं ऐक. तुझा हॅश, तुझं वाचन हे कोणाला कळणार? सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत विधानसभेनंतर लोकांनी स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. जमावबंदी लागली आणि ते थांबलं. कायद्याने ते बसत नव्हतं, ते सोड. पण लोकांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. मॉक पोल त्यांना दिसतो. चिठ्ठी दिसते. चौसष्ट अक्षरांची तुझी संख्या पडद्यावर आली तर आमच्या गावातली बाई म्हणेल, असेल बाबा.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये जवळपास हेच म्हटलं होतं. मत नोंदवणं आणि मोजणं यांतले मुख्य टप्पे साध्या मतदाराला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, या मुद्द्यावर त्यांनी तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे कागदी चिठ्ठी जोडलेली असल्यामुळे परिस्थिती वेगळी आहे, पण मामांचा आक्षेप अडाणीपणाचा नाही, हे त्यावरून कळावं.

भाचा : त्या बाईला संख्या कळायची गरज नाही. तिच्या पक्षाच्या प्रतिनिधीकडे निवडणुकीच्या आधी एक कागद हवा, त्यावर ती संख्या लिहिलेली. पडताळणीच्या दिवशी यंत्रातून आलेली संख्या त्या कागदावरच्या संख्येशी जुळते का, एवढंच बघायचं. १७-सीवरचा आकडा मोजणीच्या दिवशी ताडतात तसंच. प्रोग्राम उघड केला तर त्याचा दुरुपयोग होईल, असं आयोग म्हणतो. ठीक आहे, प्रोग्राम देऊ नका. हॅशवरून प्रोग्राम उलगडत नाही. हॅश सगळ्या पक्षांना आधीच देऊन ठेवा.

मामा : आणि यंत्रातून संख्या काढणार कोण? भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएलचेच अभियंते ना? ज्यांनी यंत्र बनवलं तेच म्हणणार, आमचं यंत्र बरोबर आहे. बोर्डाचे पेपर आपल्याच शाळेत तपासायला देत नाहीत, एवढं तर मला छत्तीस वर्षं शिकवून कळलंय.

भाचा : इथे तुम्ही बरोबर आहात. स्मार्टसीटीएलचा मी भरवसा धरतो, कारण त्याचा प्रोग्राम उघडा आहे. जगातल्या कोणीही वाचावा आणि ते खरंच फक्त वाचतं का हे बघावं. यंत्र तपासणारं अवजार तरी तसं असायला हवं. यंत्राचा प्रोग्राम गुप्त ठेवा, पण तपासणीच्या अवजाराचा ठेवू नका.

मामा : आणि चिपच खोटं बोलली तर? तुझी डिस्क खोटं शून्य दाखवते तशी?

भाचा : तर बाहेरून वाचावं लागेल. पण चोरी होऊ नये म्हणून अशा चिपांमध्ये बाहेरून वाचायची वाट कारखान्यातच बंद करता येते. ती बंद ठेवली तर फेरफार अवघड होतो आणि तपासणीही. मोकळी ठेवली तर दोन्ही सोपं. याला सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

मामा : माझ्याकडे आहे. चिठ्ठ्या. ज्या केंद्राचं यंत्र उमेदवाराने निवडलं, त्या केंद्राच्या चिठ्ठ्याही मोजा. तुझी संख्या, यंत्राचा निकाल आणि चिठ्ठ्या, तिन्ही जुळले तर मीच त्या उमेदवाराला सांगेन, आता घरी जा.

भाचा : तिन्ही ताडायचे असतील तर मूळ मतं पुसलेली नसली पाहिजेत.

मामा : ते कबूल केलं ना एकदा!

यापुढे दोघं फॉर्म २० वर घसरले. केंद्रनिहाय मतांचा तो तक्ता निकालानंतर प्रसिद्ध होतो, आणि तो वाचणारे कार्यकर्ते गावोगाव वाढायला हवेत, यावर दोघांचं एकमत होतं. बाकी वाद मिटला नाही. मामांचा भरवसा कागदावर आणि सह्यांवर, भाच्याचा न लिहिता वाचण्यावर.

माझा निवाडा असा. क्रमाच्या बाबतीत भाचा निर्विवाद बरोबर आहे: आधी न पुसता वाचायचं, प्रत आणि हॅश काढून ठेवायचा, मॉक पोल त्यानंतर. न्यायालयानेही अखेर माहिती न पुसण्यालाच प्राधान्य दिलं. अवजार कोणाच्या हातात, याबाबत मामांचं म्हणणं वजनदार आहे. बनवणाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र आवश्यक आहे, पुरेसं नाही. शेजारी बसून तीच संख्या स्वतः काढणारा त्रयस्थ तज्ज्ञ हवा, आणि निवडलेल्या केंद्राच्या चिठ्ठ्या त्याच टेबलावर हव्यात. शुल्क तर साध्या अपक्षाला परवडेल इतकंच असावं. २०२४च्या दराने ४० संचांसाठी करासह १८ लाख ८८ हजार रुपये मोजू शकणारे उमेदवार नगर जिल्ह्यात किती निघाले असते?

पुढच्या निवडणुकीत जो दुसरा किंवा तिसरा येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला एक विनंती आहे. शंका असेल तर सभेत बोलू नका, सात दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या. केंद्रांची नावं स्वतः निवडा. अर्जात स्पष्ट लिहा की मूळ मतं पुसण्याआधी मेमरी वाचली जावी. आणि मतदान प्रतिनिधींनो, केंद्रावरून निघताना १७-सीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे.